निंबहाळची कोरी भिंत

१

पडदा सरकला, टाळ्या वाजल्या, पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि यशवंत पेंटर सावकाश म्हणाले, "हे चित्र माझं न्हाय."

पेढ्याकडे निघालेले हात तिथंच थबकले. तिसऱ्या रांगेतल्या रत्नम्मा बिराजदारांनी मात्र आपला पेढा आधीच तोंडात टाकला होता. चौतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काढलेल्या बाईला मिळेल ते मिळेल तेव्हा खायची सवय लागलेली असते.

चित्र होतं निंबहाळचं. होटगीच्या पुढं, सडकेपासून दोन मैल आत असलेलं गाव, यशवंत तळभंडाऱ्यांच्या लहानपणी होतं तसं. सहा फूट बाय चार. कॅलेंडरातल्या खेड्यासारखी लाल कौलं त्यात नव्हती की माड नव्हते. पांढऱ्या मातीची सपाट माळवदं होती, एकाला एक खेटून, या घरच्या धाब्यावरून त्या घरच्या धाब्यावर चालत जाता येईल अशी. धाब्यांना उजेडासाठी ठेवलेली भोकं, पावसात त्यांवर पालथी घालायची मडकी. काळ्या रानात उभा शाळू, कडब्याच्या गंजी, चार कडुलिंब. आणि कुठल्याच कॅलेंडरानं आजवर दाखवली नव्हती ती ओढ्यापलीकडची वस्ती, कोपऱ्यात नव्हे, चित्राच्या मधोमध.

सोलापुरात नव्यानं उभ्या राहिलेल्या लोककला भवनाच्या दर्शनी भिंतीवर हे चित्र कायमचं लागणार होतं. जिल्ह्यातल्या माणसानं आत पाऊल टाकलं की त्याला पहिल्यांदा आपलं गाव दिसावं, अशी त्यामागची कल्पना. चित्र पाहताना रत्नम्मा तोंडातला पेढा चावायला विसरल्या होत्या.

भवन समितीचे अध्यक्ष चनबसप्पा हलकुडे पुढे झाले. नवी पेठेत त्यांचं चादरी आणि वॉल हँगिंगचं मोठं दुकान. गाव त्यांचंही निंबहाळच.

"यशवंतराव, महिन्यामागं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की तुमचं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "डोळ्यावरचा पडदा निघाला की सगळे रंग नवे दिसतात. डॉक्टरच सांगतात. तुमचंच चित्र तुमाला परकं वाटायलंय."

"रंगाचं म्हणत न्हाय मी."

"खाली नाव कुणाचं हाय?"

"नाव माझंच हाय. चित्र न्हाय." यशवंत पेंटरांनी चष्मा पुसला. "शनिवारी उद्घाटन करायचं तर करा. पण ते नाव पुसा आधी."

कुणी हसलं, कुणी च्‌च्‌ केलं. समितीनं कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटांत ठरवलं की शनिवारी अकरापर्यंत पेंटर ताळ्यावर आले नाहीत, तर भवनाच्या स्पर्धेत दुसऱ्या नंबरला आलेलं चित्र लावायचं. मागच्या रांगेतून एक दबका आवाज आला, "आणि नक्कल असलीच, तर एवढा हुबेहूब हात सोलापुरात एकाच माणसाचा हाय. नातीचा."

पेंटरांच्या शेजारी उभी असलेली त्यांची नात संघप्रिया हे ऐकून पांढरीफटक पडली.

२

लोकांना म्हातारा चळला असं वाटत होतं. रत्नम्मांना तसं वाटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

पंचवीसेक वर्षांमागं होटगी स्टेशनात एक माणूस गाडीतून उतरून आपण होऊन त्यांच्यापाशी आला होता. हातात ब्रश, शर्टावर चार रंग. "बाई, गर्दीत तिकीट काढायचं राहिलं. पावती फाडा." गेटवर त्या दिवशी कुणीच नव्हतं, तो सरळ निघून जाऊ शकला असता. चौतीस वर्षांत हजारो फुकटे पकडले, पण स्वतःला पकडून देणारा तो एकच. तो माणूस यशवंत पेंटर. सोलापुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या, आणि त्याही मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार लिप्यांत. या शहराला स्वतःचं नाव चार तऱ्हांनी लिहिता येतं, याचा रत्नम्मांना भारी अभिमान. न विचारता खरं सांगणारा माणूस बहात्तराव्या वर्षी खोटं कशाला बोलेल?

भवन रिकामं झाल्यावर त्यांनी आजोबा आणि नातीला थांबवून घेतलं.

"पेंटर, रंगाचं न्हाय म्हणता. मग कशाचं?"

"भिंतीचं, अक्का."

चित्रात डाव्या अंगाला एक मोठं घर होतं. त्याच्या धाब्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई एकटीच बसलेली, आणि खाली घराची लांबलचक पांढरी भिंत. चित्रातली सगळ्यात मोठी मोकळी जागा तीच.

"माझी भिंत कोरी व्हती. मुद्दाम कोरी. पाटी रंगवणाऱ्याचा हात हाय माझा, सपाट रंग देताना ब्रशची रेघ दिसू देत न्हाय मी. माझी भिंत गप व्हती. ही काहीतरी बोलायलीय."

"मुद्दाम कोरी म्हणजे?"

पेंटर बाहेर पायरीवर जाऊन बसले.

रत्नम्मांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक चित्राला टेकेल इतक्या जवळ गेल्या. तिकिटावरची खाडाखोड बघायची त्यांची हीच पद्धत. दोन पावलांवरून भिंत कोरीच होती. चार बोटांवरून मात्र नव्हती. तिच्यावर खसखशीएवढे फिकट करडे ठिपके होते. माशीनं केलेली घाण असती तर कशीही पसरली असती. हे ठिपके एका अंतरावर, तिरप्या ओळीत शिस्तीत बसले होते. त्यांनी काळ्या रानाचा मोकळा तुकडा बघितला. तिथंही तेच.

"संघप्रिया, हे आजोबांनी काढलेत?"

संघप्रिया वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. "नाही. आजोबांनी असं केलं तर मीच त्यांना ओरडेन."

"आणि तू?"

मुलगी ताठ झाली. ती शाळेत चित्रकला शिकवत होती आणि मुलांसमोर उभं राहायची तिला सवय होती. "अक्का, मला सपाट रंग द्यायला त्यांनी आठ वर्षं शिकवलं. ब्रशचा एक ठिपका पडला तर अख्खी पाटी पुन्हा घासायला लावायचे. हे ठिपके माझ्या हातून पडले असते, तर मी त्यांची नात म्हणून घेतलं नसतं."

रत्नम्मांना ते उत्तर आवडलं. आवडलेलं उत्तर खरं असतंच असं नाही, हेही त्या रेल्वेत शिकल्या होत्या.

"चित्र घरातून निघाल्यावर कुटं कुटं होतं?"

"आजोबांचं ऑपरेशन होतं आणि भवनाचा रंग ओला होता. म्हणून तीन आठवडे चनबसप्पाअण्णांच्या गोदामात. तिथंच सिद्धूनं फ्रेम बसवली."

"आणि दुसऱ्या नंबरचं चित्र कुणाचं?"

"सिद्धूचं," संघप्रिया म्हणाली.

३

सिद्धू फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरताच रत्नम्मांना समोर त्याचं चित्र दिसलं. उतरती लाल कौलं, सात माड, मागं हिरवे डोंगर आणि पुढं पाण्यात शिडाची होडी. खाली लिहिलं होतं, 'आमचे गाव'.

"तुझं गाव कुठलं रे?" त्यांनी विचारलं.

"टेंभुर्णीजवळ, अक्का."

"टेंभुर्णीला शिडाची होडी कधी सुरू झाली?"

सिद्धू ओशाळून हसला. "गिऱ्हाईक असलंच मागतंय की. खेडं म्हटलं की लोकाला कौलंच पायजेत. माळवद काढलं की म्हणतात, घराचं छप्पर राहिलं काढायचं."

"म्हणून पेंटरचं चित्र बदललंस? ते नापास झालं की तुझी होडी भवनात लागणार."

हसू मावळलं. सिद्धूनं हातातली करवत खाली ठेवली. "यशवंतमामाच्या पाट्या बघून मी ब्रश धरला, अक्का. माझा नंबर दुसरा आला तेव्हा मी पेढे वाटले, कारण पयला त्यांचा आला होता. गोदामात चित्र कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं, मी चारी कोपरे मापले, मागं प्लायवूड ठोकलं. फ्रेमवाला चित्र बघत न्हाय, कोपरे बघतो."

"कुणी दिलं हातात?"

"अण्णांनी. स्वतः. गडीमाणसाला हात लावू दिला न्हाय त्यांनी. लई जपलं चित्राला."

"ते प्लायवूड काढून बघता येईल?"

"समितीनं सील लावलंय. अण्णांची सही हाय त्याच्यावर."

रत्नम्मा उठल्या. दारात थांबून त्यांनी ठिपक्यांचं सांगितलं, सिद्धूला काही सुचतंय का बघावं म्हणून. त्यानं मान हलवली. "कोण एवढा ताप करून घेईल? कोरी जागा दिसली की चित्रकाराला सुटल्यासारखं वाटतं. कोऱ्या जागेला भिणारा माणूस चित्रकारच नसंल."

बोलून तो कामाला लागला. रत्नम्मा मात्र दुकानाच्या पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. सिद्धू सहज बोलून गेला होता, पण तपासाची वाट त्यानं अर्धी चालून दिली होती.

४

शुक्रवारी दुपारी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. चनबसप्पांच्या दुकानात गाद्यांवर चादरींचे ढीग, भिंतींवर विणलेले मोर, हत्ती, देवळं. रत्नम्मांना बघताच ते उठून उभे राहिले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात परीटघडीचा सदरा.

"या अक्का. चहा सांगतो." त्यांनी मनापासून विचारपूस केली, मग मुद्द्यावर आले. "यशवंतरावांना समजवा तुमी. ते चित्र म्हणजे आमच्या निंबहाळचा मान हाय. आता हट्टानं होडी लागायची भवनात."

ते हे बोलताना त्यांच्या आवाजात खरी कळ होती. रत्नम्मा जरा गोंधळल्या. हा माणूस ढोंग करत नव्हता.

चहा येईपर्यंत त्यांची नजर काउंटरवर पसरलेल्या मोठ्या कागदावर गेली. बारीक चौकटींचा कागद, त्यावर चौकट चौकट रंगवून काढलेला मोर.

"नक्षा," चनबसप्पा कौतुकानं म्हणाले. "ह्याच्यावरून माग चालतो. ह्या एका चौकटीला तितं एक धागा. असं काम सोलापुरातच होतं, अक्का."

"मोराच्या मागं सगळं निळं हाय. मग त्यात हे ठिपके कसले?"

"ते पायजेतच. एकच रंग लांबपर्यंत गेला की मागचा धागा सुटा लोंबतो, बोट अडकतं, कापड उसवतं. म्हणून मोठी मोकळी जागा आली की नक्षा काढणारा ठरलेल्या अंतरानं ठिपके देतो. धागा तितं तितं बांधला जातो. पोरीचा हात बघा, डोळे झाकून देते."

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होतं. चंद्रिका म्याकल. रत्नम्मांनी ते वाचलं आणि चहाचा मोठा घोट घेतला, म्हणजे चेहऱ्यावरचं काही दिसू नये.

"अण्णा, भवनातलं चित्र खरं हाय, ह्याची तुमाला एवढी खात्री कशी?"

चनबसप्पा पुढे वाकले. "धाब्यावर हिरव्या लुगड्यातली बाई हाय न्हवं? ती आमची अव्वा, माझी आई. गुरम्मा. तिच्या गळ्यात लिंगाची करडगी सुदिक काढलीय यशवंतरावांनी. चांदीची डबी, तिळाएवढी. आज सकाळीच बघितली मी, लखलखत होती. नक्कल करणाऱ्याला एवढं बारीक सुचलं असतं का?"

"न्हाय सुचलं असतं," रत्नम्मा म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.

तिथून रिक्षा करून त्या तडक भवनात आल्या. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. चित्रासमोर उभं राहून हिरव्या लुगड्यातली बाई शोधली, चष्मा कपाळावर चढवला आणि जवळ गेल्या.

गुरम्माच्या गळ्यात काहीच नव्हतं.

५

शहराच्या पूर्व भागात शिरलं की आधी कान सांगतात कुठं आलो ते. गल्लीगल्लीतून मागांची खडखड, उघड्या दारांतून तेलुगू बोलणं. चंद्रिका म्याकल तिशीची, बोटांवर पाच रंगांचे डाग असलेली बाई होती. रत्नम्मांनी आडवळण घेतलं नाही.

"निंबहाळच्या चित्राची नक्कल तू केलीस."

चंद्रिकेचा चेहरा एकदम फुलला. "बघितलीत अक्का? ओळखू येतं का कुठलं खरं ते? वीस दिवस घेतले. पाटीचाच ऑइलपेंट आणला, पेंटरकाका वापरतात तोच."

चोर असा फुलत नाही. रत्नम्मांनी तिला बसवून सगळं काढून घेतलं. चनबसप्पाअण्णांना या चित्राचं मोठं वॉल हँगिंग विणून घ्यायचं होतं. मूळ चित्र भवनात जाणार, मग नक्षा कशावरून काढायचा? म्हणून त्याच मापाची नक्कल. पेंटरकाकांना शेवटी बक्षीस म्हणून दाखवायचं, तोवर कुणाला बोलायचं नाही.

"कशी केलीस?"

"आमची रीत. मूळ चित्रावर आडवे उभे दोरे ताणले, बोटभराचे चौकोन पाडले, मग एक एक चौकोन उतरवला."

"तिळाएवढं काही असलं तर?"

"ते निसटू शकतं," तिनं कबूल केलं. "नक्षात एका चौकटीपेक्षा लहान काही नसतंच, म्हणून डोळ्याला ती सवयच नाही."

"आणि भिंतीवर ठिपके का दिलेस?"

"कुठले ठिपके?"

रत्नम्मांनी सांगितलं. चंद्रिकेनं आपला उजवा हात वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्याच कुणी तिला न सांगता काहीतरी केलं होतं. "मला माहीतच नाही, अक्का. सोळाव्या वर्षापासून नक्षा काढते. मोठी कोरी जागा दिसली की हात आपोआप जातो. धागा सुटेल ना." मग तिच्या ध्यानात आलं आणि ती उभीच राहिली. "म्हणजे भवनात माझं चित्र लागलंय? आणि काकांना सगळे वेडे म्हणतायत ते माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं न्हाय. तुझ्या हातामुळं ते शहाणे ठरतायत."

नक्कल कुणी केली ते आता कळलं होतं. मूळ चित्र कुठं असेल ते चनबसप्पांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. भवनातल्या गुरम्माच्या गळ्यात करडगी नाही, आणि यांनी ती आज सकाळी लखलखताना बघितली. म्हणजे आज सकाळी ते जिथं होते तिथंच खरं चित्र होतं. आणि विभूती लावणारा माणूस रोज सकाळी कुठं बसतो, हे रत्नम्मांना वेगळं शोधायची गरज नव्हती. त्यांच्या घरातही तीच लिंगपूजा होती.

त्यांनी यशवंत पेंटरांना फोन लावला. "उद्या सकाळी सातला तयार राहा. तुमाला एका घरी न्यायचंय."

पेंटर म्हणाले, "हलकुड्यांच्या घरी मी आजवर आत गेलेलो न्हाय, अक्का."

त्यांना घराचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

६

"तुमाला आधीच कळलं होतं?" शनिवारी रिक्षात रत्नम्मांनी विचारलं.

"संशय व्हता. पण डोळ्यांवर माझाच भरवसा उरला न्हवता. आणि संशयावर माणसाचं नाव घेऊ नये."

दार चनबसप्पांच्या सुनेनं, सिद्धेश्वरीनं उघडलं. मामा पूजेत आहेत म्हणाली. "होऊ दे की निवांत," म्हणत रत्नम्मा आत गेल्या आणि मागं वळून पेंटरांना हातानं बोलावलं. पेंटर उंबऱ्याशी क्षणभर थांबले, मग पाऊल आत टाकलं.

पूजेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. चनबसप्पा डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसले होते. लिंगपूजेत नजर तळहातावर ठेवायची असते. त्यांची मात्र समोर भिंतीला टेकवलेल्या चित्रावर होती. सहा फूट बाय चार. सकाळच्या उजेडात पांढरी भिंत कोरी करकरीत, आणि धाब्यावरच्या गुरम्माच्या गळ्यात तिळाएवढी चांदी.

पूजा संपेपर्यंत दोघं दाराशी उभे राहिले. पूजा मोडायची नाही, एवढं दोघांनाही कळत होतं. चनबसप्पा वळले आणि पेंटरांना बघून तसेच बसून राहिले.

रत्नम्मांनी थोडक्यात सांगितलं. ठिपके, चौकोन, निसटलेली करडगी. "खरं चित्र तुमीच ओळखून दिलंत अण्णा, नवी पेठेत बसून."

"अव्वा गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो," चनबसप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "तिचा एक फोटो न्हाय. साठ वर्षं चेहरा आठवत होतो, दर साली जरा जरा पुसट व्हायला लागला. गोदामात चित्र उघडलं आणि अव्वा धाब्यावर बसलेली. तशीच, मान कलती. मला पुन्हा कापड टाकवंना तिच्यावर."

"मागायचं व्हतंस," यशवंत पेंटर म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "चार लोकांत मला वेडा ठरवलंस. पोरीच्या हातावर चोरीचा आळ आला, तू ऐकून घेतलास. माझ्याच हाताची मला वळख न्हाय, असं वाटून मी दोन राती जागा हाय."

"कुठल्या तोंडानं मागणार होतो मी तुला? त्या भिंतीनंतर?"

पेंटरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ते हितं नको. चित्र गाडीत घाल. अकराला उद्घाटन हाय."

"लोकांना काय सांगू?"

"खरं. आणि भिंतीबद्दल कुणी इचारलं तर उत्तर तू द्यायचं."

७

सिद्धूनं तासाभरात मूळ चित्र फ्रेममध्ये बसवलं. यावेळी त्यानं कोपरे सोडून चित्रही पाहिलं, आणि काम झाल्यावर पेंटरांना म्हणाला, "मामा, टेंभुर्णीची माळवदं काढायला घेतो आता." नक्कल बाजूला टेकवून ठेवली होती. यशवंत पेंटरांनी सगळ्यात बारीक ब्रश मागितला, ऑपरेशन झालेला डोळा तेवढा उघडा ठेवला आणि नकलेतल्या गुरम्माच्या गळ्यात पांढऱ्या रंगाचा एकच तीळ ठेवला. खाली स्वतःचं नाव होतं ते पुसलं आणि ब्रश चंद्रिकेच्या हातात दिला.

"तुजं नाव टाक. आणि ठिपके तसेच ठेव, ते तुजे हायत. हे चित्र अण्णांच्या घरी जाऊ दे."

चंद्रिकेनं आपलं नाव तेलुगूत लिहिलं. अक्षर सरळ आलं.

अकरा वाजता भवन भरलं. पडदा सरकण्याआधी चनबसप्पांनी माईक हातात घेतला. चित्र आपण बदललं, यशवंतराव पहिल्यापासून खरं बोलत होते, आणि संघप्रियाचा यात काही संबंध नाही, एवढी तीन वाक्यं त्यांनी सांगितली. अध्यक्षपद सोडतो म्हणाले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. संघप्रियानं आजोबांचा हात धरला.

मग पडदा सरकला आणि निंबहाळ दिसलं. शाळू, कडुलिंब, ओढ्यापलीकडची वस्ती, एकमेकांना खेटलेली माळवदं. खाली पेंटरांनी चार लिप्यांत लिहिलेलं गावाचं नाव. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं म्हटलं, "हे आमचं हाय की." आणि सगळं भवन उठून उभं राहिलं. आपल्या सपाट, रखरखीत मुलखाकडे इतक्या जणांनी मान वर करून बघितलेलं रत्नम्मांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पाहुण्या म्हणून आलेल्या अधिकारी बाई चित्राजवळ गेल्या. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "सगळं गाव इतकं भरून काढलंय. मग ही एवढी मोठी भिंत कोरी का ठेवलीत?"

यशवंत पेंटरांनी चनबसप्पांकडे पाहिलं.

चनबसप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "ती भिंत आमची, बाई. यशवंत नऊ वर्षांचा होता, मी सात. ह्यानं तिच्यावर कोळशानं बैलजोडी काढली. तसा बैल गावात कुणाला काढता येत न्हवता. पण पलीकडच्या वस्तीतल्या पोरानं आमच्या भिंतीला हात लावला, म्हणून वडिलांनी ह्याला मारलं आणि त्याच्याच हातानं ती घासायला लावली. सगळं गाव बघत होतं. लांबून पाणी मी ओतत होतो."

अधिकारी बाईंची नजर भिंतीवरून वर, धाब्यावरच्या बाईकडे गेली.

"अव्वा धाब्यावरून बघत होती," ते म्हणाले. "काही बोलली न्हाय ती. म्हणून ती चित्रात तितं बसलीय. तिलाही ह्यानं माफ केलं नसंल, असं मला वाटत आलंय."

"न्हाय," यशवंत पेंटर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. पेंटर चित्राकडे बघत होते, धाब्यावरच्या हिरव्या लुगड्याकडे.

"त्याच दिवशी, दिवे लागायच्या वक्ताला, गुरम्मा ओढा वलांडून आमच्या दारात आली. तुमच्या घरातलं तवर कुणी आलेलं न्हवतं. पदराच्या गाठीतनं चुलीतला एक कोळसा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, काढत जा."

साठ वर्षांत हे चनबसप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. ते वळून आईकडे बघत उभे राहिले. यशवंत पेंटरांनी त्यांच्या शेजारी जागा घेतली, आणि दोघं त्या कोऱ्या भिंतीसमोर बराच वेळ तसेच उभे होते.